दातांखालची माती

गारगोटीने बारा वर्षांपूर्वी काढलेल्या मातीचा एक तुकडा बाटलीतल्या पाण्याने भिजवला, त्यातली चिमूटभर माती पुढच्या दातांत धरली, हलकेच घासली आणि गोदामाच्या फरशीवर बसकणच मारली. माती किरकिरत होती.

आता बावीस वर्षांची धडधाकट मुलगी माती तोंडात घालते म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात नको ते येणार, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. भूविज्ञान शिकणाऱ्यांना हे पहिल्याच वर्षी शिकवतात. ओली चिकणमाती आणि ओला पोयटा डोळ्यांना सारखेच दिसतात, बोटांनाही पुष्कळदा चकवतात. दातांपुढे मात्र त्यांची डाळ शिजत नाही. चिकणमाती दातांखाली लोण्यासारखी सरकते. पोयट्याचे कण कितीही बारीक असोत, ते किरकिरतात. आणि हा फरक नुसता तोंडापुरता नाही. चिकणमाती पाणी अडवून धरते. पोयट्यातून ते खाली झिरपतं, आणि पाण्याबरोबर जे काही असेल तेही झिरपतं.

ज्या पेटीपुढे ती बसली होती तिच्यावर लिहिलं होतं, 'बोअर तीन, सहा ते साडेदहा मीटर.' आणि विभागाच्या जुन्या अहवालात त्याच साडेचार मीटरपुढे लिहिलं होतं, 'चिकणमाती.'

तिने त्याच पेटीतला दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा घेतला. शेवटी गोदामाची किल्ली सांभाळणाऱ्या काकांना हाक मारली.

"काका, जरा आ करा."

"माझी नोकरी किल्ली सांभाळायची आहे, माती खायची नाही," गोदामकाका म्हणाले. पण आ केला. दोन-तीनदा दात फिरवून त्यांनी विचार केला. "पालेभाजी नीट न धुता केली की लागतं ना, तसं लागतंय."

"बास. एवढंच हवं होतं."

"आता थुंकू का?"

"थुंका की."

गारगोटी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती एखाद्या गोष्टीवर अडून बसली की बाबा म्हणायचे, ही गारगोटी आहे, घणानेसुद्धा फुटायची नाही. ते नाव घरातून शाळेत गेलं, शाळेतून विद्यापीठात आलं, आणि शेवटच्या वर्षापर्यंत प्रयोगशाळेच्या हजेरीपटावरही कोणीतरी पेन्सिलीने तेच लिहून ठेवलं. बाबांचा धंदा बोअर मारण्याचा. पाण्यासाठीही मारायचे, पण त्यांचं खरं कसब दुसरंच होतं. जमिनीत पोकळ नळी घुसवायची, आतल्या मातीचा आणि खडकाचा लांब दंडगोल, म्हणजे कोअर, न मोडता वर काढायचा, आणि तो लाकडी पेटीत ओळीने मांडायचा, डावीकडून उजवीकडे, जसं आपण पुस्तक वाचतो तसा. प्रत्येक टप्प्याला लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहायची. तिच्यासमोरच्या पेटीतले ठोकळे बाबांच्याच हातचे होते. त्यांचा सहा नेहमी पोटावर पडल्यासारखा दिसायचा, तो तिने लांबूनच ओळखला असता.

तिची चूक म्हणाल तर एवढीच, की तिने पेटी उघडली. प्रबंधाला विषय मिळाला होता 'कचरा-खड्ड्याखालचा चिकणमातीचा नैसर्गिक थर', आणि तो विभागप्रमुखांनी स्वतः दिला होता. शहराच्या माथ्यावर नगरपालिका कचऱ्यासाठी भलामोठा खड्डा खणत होती. खड्ड्याला खालून वेगळं अस्तर घालायचं नाही असं ठरलं होतं, कारण बारा वर्षांपूर्वीच्या अहवालात तिन्ही बोअरांमध्ये जाड चिकणमाती दाखवली होती. अहवाल लिहिणारे हेच विभागप्रमुख. विद्यार्थ्याने अहवाल समोर ठेवायचा, चार सुबक नकाशे काढायचे, शेवटी आभार मानायचे आणि पदवी पदरात पाडून घ्यायची, असा एकूण बेत होता. माथ्याच्या खाली ओढ्याकाठी तीनशे घरांची वस्ती होती. ती अजूनही विहिरींचं पाणी प्यायची, आणि त्या तीनशेतलं एक घर गारगोटीच्या आत्याचं होतं.

सरांबद्दल तिला तोवर राग नव्हता, उलट फार होतं सरांचं कौतुक. पहिल्या वर्षी दोन बशा घेऊन तेच वर्गात आले होते. 'चाखा, लाजू नका, पृथ्वीची चव घेतल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही,' असं म्हणून त्यांनी चाळीस मुलांना माती खायला लावली होती आणि स्वतः खिडकीपाशी उभं राहून हसत होते. हाच माणूस चिकणमाती आणि पोयटा ह्यांत गल्लत करेल हे तिला पटेना. पहिल्या आणि दुसऱ्या बोअरचा कोअर तिने चाखला, तर तिथे शब्दन् शब्द बरोबर. फक्त तिसऱ्यात साफ चूक. आणि खड्डा वाढत वाढत नेमका तिसऱ्या बोअरच्याच अंगाला गेला होता.

अशा वेळी माणसाच्या डोक्यात जे येतं तेच तिच्या डोक्यात आलं. ह्यांनी तिसरी पेटी बघितलीच नाही, खुर्चीत बसून लिहिलं, नाहीतर कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलं. दोन महिने ती सरांना मनातल्या मनात लबाड म्हणत राहिली.

नुसत्या दातांवर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून तिने बाटल्यांचा प्रयोग मांडला. विभागाची माती तपासायची यंत्रं नेमकी दुरुस्तीला गेली होती, मग आईचा स्वयंपाकघराचा ओटा कामी आला. तिन्ही बोअरची माती रात्रभर भिजवायची, बाटलीत पाण्यात घालून खळाखळा हलवायची आणि ठेवून द्यायची. चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहतं. पोयटा भराभर तळाशी बसतो.

"ह्या घरात प्यायच्या पाण्यापेक्षा चिखलाच्या बाटल्या जास्त झाल्यात," आई म्हणाली. "काल पाहुण्यांना तुझा दोन नंबर देणार होते."

"मग दिला का?"

"वास घेतला म्हणून वाचले."

तासाभरात तिसऱ्या बाटलीतलं पाणी निवळलं. पहिल्या दोन तशाच, मातकट. तेवढ्यात बाबा कामावरून आले, हात धुवायला वाकले आणि ओट्याकडे बघून तसेच थांबले.

"कुठल्या पेटीतली?"

"बोअर तीन. सातवा मीटर. तुमचीच पेटी आहे, बाबा. पोयटा आहे हा, चिकणमाती नाही. अहवाल खोटा आहे."

बाबांनी हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. मग पंच्याला हात पुसत म्हणाले, "जुन्या पेट्या आहेत त्या. त्यात कशाला शिरतेस. पदवी घे आणि मोकळी हो."

तिला ते फार लागलं. तिची अपेक्षा होती की बाबा बाही वर करून पुढे येतील, शाबास म्हणतील. ज्या माणसाने तिला गारगोटी केलं, तोच तिला वाळू व्हायला सांगत होता. पण त्याच आठवड्यात तिने प्रबंधात एक पान वाढवलं. तिसऱ्या बोअरखाली चिकणमाती नाही, खड्ड्यातलं पाणी ओढ्याकडे झिरपेल, नव्याने बोअर घेतल्याशिवाय तिथे कचरा टाकू नये, असं त्यात सरळ लिहिलं. ते पान एक्केचाळिसावं होतं.

पंधरा दिवसांनी सरांनी खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर दगडांची रांग, प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी, आणि मधोमध तिचा प्रबंध, नेमका त्या पानावर उघडलेला.

"हे पान काढून टाक," ते म्हणाले. "बाकी काम उत्तम आहे. नकाशे तर फारच सुरेख."

"पानात काय चुकलंय, सर?"

"चुकलंय असं नाही म्हणत मी. ते तुझ्या विषयात बसत नाही. तुझा विषय आहे चिकणमातीचा थर. थर आहे की नाही, हा तुझा विषय नाही."

हसावं की रडावं तिला कळेना. "पण थर नाहीच तर मी लिहू कशावर?"

"हे बघ. बारा वर्षांचा वाळका कोअर. त्यात उंदीर, त्यात गळकं गोदाम. शिवाय ही ड्रिलर मंडळी पेट्या कशाही लावतात. ह्या बोअरचं त्या बोअरला, खालचं वर."

"त्या पेट्या माझ्या बाबांनी लावल्यात."

सरांनी रांगेतला एक दगड उचलला, दुसरीकडे ठेवला आणि मग पुन्हा जागच्या जागी आणला.

"ते तुझे वडील?"

"हो."

"काही म्हणाले का तुला? त्या कामाबद्दल?"

"काय म्हणणार?"

"काही नाही, सहज विचारलं." त्यांनी घसा साफ केला. "पान काढलंस तर पहिला वर्ग आणि माझं शिफारसपत्र. सर्वेक्षण खात्यात जागा निघणार आहेत. नाही काढलंस तर निकालावर दोघांच्या सह्या लागतात, एक बाहेरच्या परीक्षकांची आणि एक माझी. एवढं लक्षात ठेव."

"पान राहील, सर," ती म्हणाली.

म्हणताना आवाज चांगला खणखणीत होता. जिन्यात आल्यावर मात्र ती चौथ्या पायरीवर बसली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. तिला ती नोकरी हवी होती, तो पहिला वर्ग हवा होता, आणि ज्या माणसाने आपल्याला मातीची चव शिकवली त्याच्याकडून शाबासकीही हवीच होती. दहा मिनिटं ती तिथे बसून राहिली आणि प्रत्येक मिनिटाला तिने ते पान मनातून एकदा काढून बघितलं. काढलं की खालच्या वस्तीची तीनशे घरं समोर यायची. शेवटी ती उठली आणि पान होतं तिथेच ठेवून प्रबंध बांधायला देऊन आली.

तोंडी परीक्षा शुक्रवारी होती, आणि सोमवारी खड्ड्यात कचऱ्याची पहिली गाडी रिकामी होणार होती. सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून तयार होते. आजवर ते विद्यापीठाच्या फाटकाच्या आत फक्त पेट्या उतरवायला आले होते.

"तुम्ही कशाला?" तिने विचारलं. बाटल्यांच्या त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"बसतो बाहेर बाकावर," बाबा म्हणाले. "कोणी नाही म्हणणार आहे का?"

आतल्या खोलीत सर होते आणि बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम होत्या. साठीच्या, काटकुळ्या, हातोडी धरून धरून तळहाताला घट्टे पडलेल्या. गारगोटीने नकाशे दाखवले, खड्ड्याची पूर्वीची हद्द दाखवली, आताची दाखवली. मग पिशवीतून तीन बशा काढून टेबलावर मांडल्या आणि पाण्याचे दोन पेले ठेवले. बाटल्यांचे फोटो प्रबंधात होतेच. पण फोटोवर कोणीही बोट ठेवू शकतं हे तिला माहीत होतं.

"मॅडम, तिन्ही बोअरची माती आहे. दातांत धरून बघा."

"तोंडी परीक्षा म्हणतात ती ही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कसलेही आढेवेढे न घेता पहिली चाखली, चूळ भरली, दुसरी चाखली, चूळ भरली. तिसरीला त्या थांबल्या, पुन्हा थोडी घेतली आणि रुमालात थुंकून म्हणाल्या, "हा पोयटा आहे. ह्यात शंका घेण्यासारखं काही नाही."

गारगोटीने तिसरी बशी सरांपुढे सरकवली. "सर, तुम्हीच शिकवलंत. चाखल्याशिवाय बोलायचं नाही."

सरांनी बशीकडे बघितलंही नाही. "माती पोयटा असेल. पण ती तिसऱ्या बोअरची कशावरून? पेट्यांची अदलाबदल झालेली आहे, हे मी आधीच हिला सांगितलंय. दोष ड्रिलरचा आहे."

"ड्रिलर बाहेर बसलाय," गारगोटी म्हणाली. "बोलावते."

बाबा आत आले. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी पेटीतले ठोकळे, त्यावरचे आकडे, लावायची पद्धत, सगळं नीट सांगितलं. "अदलाबदल नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एक पेटी उलटी लावली नाही मी. ती माती तिथलीच आहे. आणि ती किरकिरते हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

गारगोटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या दिवशी सर साइटवर आले होते," बाबा सांगत होते. "कोअर वर आला तसा त्यांनी तुकडा तोंडात घातला. चघळला, चांगला चघळला, आणि चिकणमाती म्हणून लिहून घेतलं. मीही घातला होता तोंडात, आम्हाला सवयच असते. मला किरकिर लागली. पण सरांचे सगळे दात त्याच आठवड्यात काढून नवे बसवलेले होते. बोलणं अजून जमत नव्हतं त्यांना, हिरड्या सुजलेल्या, दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. मला समजलं की ह्या दातांना काही कळत नाहीये."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"चारचौघांत कसं म्हणायचं, की साहेब, तुमचे दात खोटे आहेत? आणि मी कोण? बोअर मारणारा. ते पुस्तकं लिहिणारे. मूग गिळून बसलो."

सरांचा हात नकळत तोंडावर गेला होता. गारगोटीने दोन महिने ज्याला लबाड ठरवलं होतं तो लबाड नव्हता. त्याला लिहिताना खरोखरच चिकणमाती लागली होती. आपल्या दातांचं आपल्याला कळेनासं झालंय हे पुढे कधीतरी त्याच्या लक्षात आलं असणार, आणि मग ते सांगायची लाज वाटली असणार. हे समजून तिचा सरांवरचा राग कमी व्हायला हवा होता. तो झाला नाही. उलट आता त्यात बाबांची भर पडली होती, आणि बाबांवरचा राग जास्त झोंबत होता.

"तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं," सर हळू आवाजात म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले. "आणि तुम्ही विचारायला हवं होतं."

सरांनी प्रबंध मिटला. क्षणभर वाटलं, आता हा माणूस मोकळा होईल. पण बारा वर्षं जे झाकलं ते तिघांच्या देखत उघडायला वेगळी छाती लागते, आणि ती त्यांना झाली नाही. "निकाल राखून ठेवतो," ते म्हणाले. "ते पान वगळून पुन्हा सादर कर. पुढच्या सत्रात बघू."

"ते पान वगळून मी सादर करणार नाही."

"मग पदवी लांबेल."

"लांबू दे, सर. मी दरवर्षी येईन. दरवर्षी हेच पान असेल, आणि दरवर्षी ह्या बशा असतील."

मॅडमनी आपला शेरा लिहून खाली सही केली, 'पान एक्केचाळीससह उत्तीर्ण.' पण सही एकच होती, आणि लागत होत्या दोन.

नगरपालिका पायी वीस मिनिटांवर होती. गारगोटी पुढे, बाबा मागे. तिने अर्धा रस्ता मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, मग एकदम थांबली.

"बारा वर्षं, बाबा."

"तेव्हा तिथे नुसतं गवत होतं. वाटलं, कागद कपाटात पडून राहील. असे कितीतरी राहतात."

"आणि खणायला लागले तेव्हा? आत्या तिथलं पाणी पिते."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"मी तुमच्यावर चिडलेय."

"चिड. चाल मात्र लवकर, कचेरी पाचला बंद होते."

बांधकाम खात्याच्या खिडकीत एक कारकून होता. माणूस वाईट नव्हता, नियमाला धरून चालणारा होता, आणि अशा माणसाला हलवणं वाईट माणसाला हलवण्यापेक्षा अवघड असतं. त्याने पान एक्केचाळीस शांतपणे वाचलं. "ही तांत्रिक हरकत झाली," तो म्हणाला. "शिक्का मारून घेतली की नियमाप्रमाणे काम थांबतं, नवा बोअर होईपर्यंत. पण ती घ्यायला पात्रता लागते. तुमची पदवी?"

"निकाल राखून ठेवलाय."

"कधीपासून?"

"दीड तास झाला."

"मग नाही घेता येत हो. सोमवारी गाड्या सुरू होतायत, मी असा साधा अर्ज लावून त्या थांबवू शकत नाही. पदवीधर हवा, नाहीतर परवानाधारक."

बाबांनी तिला खिडकीवरून जरा बाजूला केलं आणि सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या वेष्टणातला बोअरचा परवाना काढून फळीवर ठेवला. "माझ्या नावावर घ्या."

कारकुनाने परवाना उलटसुलट बघितला, एक छापील अर्ज पुढे केला. "इथे लिहा, हरकत कशाच्या आधारावर आणि ही बाब तुम्हाला केव्हा कळली."

"तू लिही," बाबा तिला म्हणाले. "माझं अक्षर लागत नाही कोणाला."

तिने लिहायला घेतलं. बोअर क्रमांक तीन, खोली, मातीचा प्रकार, सगळं भराभर उतरलं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. परवाना असलेल्या माणसाने चुकीचा अहवाल डोळ्यांदेखत जाऊ दिला, असं त्याने स्वतःच लिहून दिलं तर परवाना राहत नाही, हे कोणी तिला सांगायची गरज नव्हती. आणि परवाना म्हणजे बाबांचं यंत्र, त्यांची गाडी, त्यांच्या चाळीस वर्षांतली प्रत्येक पेटी. सकाळपासून तिचा हात कुठेही अडखळला नव्हता, तो इथे अडखळला. तिने लिहिलं, 'ही बाब नंतर निदर्शनास आली.'

बाबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"नंतर नाही," ते म्हणाले. "त्याच दिवशी."

"बाबा, नंतर लिहिलं तरी काम थांबतं."

"सरांनी तुला एकच पान काढायला सांगितलं होतं. तू काढलं नाहीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. तिने ती ओळ खोडली, त्यावर लिहिलं, 'मला त्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही,' आणि अर्ज बाबांपुढे सरकवला. बाबांनी सही केली.

कारकुनाने अर्ज वाचला, मग चष्म्यावरून बाबांकडे बघितलं. "काका, ह्याची चौकशी लागणार. हे लिहिल्यावर परवाना राहत नाही. अजून शिक्का मारलेला नाही, न्यायचा असेल तर परत न्या."

"मारा."

कारकुनाने शिक्का उचलला, दाबला आणि अर्ज फाइलमध्ये सरकवायला लागला. बाबांनी खिडकीच्या आत हात घालून तो कागद धरला आणि उजेडाकडे नेऊन नीट बघितला.

"तारीख उमटली नाहीये," ते म्हणाले. "शाई लावा आणि पुन्हा मारा."